घर ओढणारी गाडी पाहिजे

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. परदेशात चार मराठी घरं जवळपास राहायला आली, शुक्रवारची सुट्टी आली आणि कोणाकडे तरी मसालेभात झाला की ते आपोआप साचतात. आमच्या दोह्यातल्या गोतावळ्यात तर नुसतं "गाडी घ्यायचा विचार आहे" एवढं म्हणायचा अवकाश! त्या घरचा विचार तिथेच संपायचा आणि बाकीच्यांचा सुरू व्हायचा.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. आम्ही दोह्याजवळच्या अल वक्राला राहत होतो. समोरच्या दारी नाशिकचे भालेराव: वसंतराव, त्यांची बायको सुनंदा आणि बारा वर्षांची रिया. वसंतराव आणि माझा नवरा दिलीप एकाच गॅस कंपनीत इंजिनिअर. त्या हिवाळ्यात भालेरावांनी सेकंडहँड गाडी घेतली. साधी नव्हे, घर ओढणारी! ती कशी घेतली ते मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय की आता दिलीप पहिल्याच वाक्याला उठून आत जातो.

*

सुरुवात टोस्टरपासून झाली.

वसंतरावांचा स्कॉटिश साहेब, कॉलिन, नोकरी संपवून कायमचा घरी चालला होता. असे साहेब जाताना घरातलं सगळं सामान अंगणात मांडून विकायचे आणि आम्ही तिथे न चुकता हजेरी लावायचो. सुनंदाने टोस्टर हेरून ठेवला होता, पण ती पोचेपर्यंत तो गेला. आता रिकाम्या हाताने निघायचं तर साहेबाशी चार शब्द गोड बोलायला हवेत, म्हणून वसंतरावांनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या पांढऱ्या कॅरव्हॅनकडे बघून म्हटलं, "व्हेरी नाइस!"

आपल्याकडे कोणाच्या घरी गेलं की पडदे, मुलं, लोणचं, जे समोर दिसेल त्याची तारीफ करायची पद्धत आहे. समोरचाही "छे हो, कसलं काय" म्हणतो आणि विषय मिटतो. कॉलिनला ही पद्धत कोणी शिकवली नव्हती. त्याने विचारलं, "यू रिअली लाइक इट?"

वसंतराव म्हणाले, "व्हेरी व्हेरी नाइस!"

कॉलिनचे डोळे भरून आले. त्या कॅरव्हॅनमध्ये त्याची मुलं लहानाची मोठी झाली होती. त्याने वसंतरावांचा हात दोन्ही हातांत धरला आणि कॅरव्हॅन त्यांना चक्क भेट देऊन टाकली.

कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, शेगडी, बेसिन, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, सगळं असतं. फक्त इंजिन नसतं. ओढायला पुढे दणकट गाडी लागते. भालेरावांकडे होती एक छोटी सेदान, जी चार माणसं आणि एक कलिंगड घेऊन निघाली तरी मागून टेकायची.

सुनंदाने मला तिथूनच फोन केला. "अगं, टोस्टर गेला," ती म्हणाली, "पण घर मिळालं!"

*

वसंतरावांना कॅरव्हॅन सहज परत करता आली असती. मी तसं सुचवलंही. पण तिसऱ्या दिवशी ते आमच्या सोफ्यावर बसून म्हणाले, "वहिनी, अण्णांना आणि आईला त्यात बसवून समुद्रावर नेणार."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. चौतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. वणीची जत्रा, शाळेच्या सहली, लग्नाची वऱ्हाडं, सगळ्या जगाला त्यांनी फिरवलं. पण सणवार आणि सुट्ट्या म्हणजे नेमकी जादा गाड्यांची ड्यूटी, त्यामुळे स्वतःच्या बायकोला घेऊन ते कधी कुठे गेले नाहीत. "आईने एकदाही मागितलं नाही हो," वसंतराव म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. मला फार वाईट वाटलं. दिलीपलाही वाटलं असावं, कारण त्याने ताबडतोब कॉम्प्युटर सुरू केला.

अण्णा-आई डिसेंबरात येणार होते आणि त्यांचा व्हिसा फेब्रुवारीअखेर संपणार होता. कॉलिनच्या कंपाउंडमधून कॅरव्हॅन हलवायची मुदतही तीच. म्हणजे तेवढ्यात गाडी मिळाली तर समुद्र, नाहीतर कॅरव्हॅन भंगारात आणि अण्णा-आई नाशकात.

दिलीपने एक्सेल शीट केली. बाजारातल्या सतरा गाड्या. वजन, इंजिन, ओढायची ताकद, पेट्रोल किती पिते, पार्ट कुठे मिळतात, असे कॉलम. प्रत्येकाला गुण. त्यात सगळ्यात जास्त गुण 'पुन्हा विकताना काय येईल' याला. कतारमधला भारतीय माणूस गाडी विकत घेतो ती विकण्यासाठीच. मधली आठ-दहा वर्षं तो ती केवळ सांभाळतो.

आठवडाभर ऑफिसातून आल्यावर दोघं त्या शीटवर बसत. शेवटी निकाल लागला. पहिल्या नंबरवर एका ठेकेदाराची पिकअप आली. भक्कम, स्वस्त, काय हवं ते ओढणारी.

सुनंदाने एकच प्रश्न विचारला. "यात पुढे दोन सीट आहेत. आपण पाच जण बसायचं कुठे?"

दिलीपने शीट वरपासून खालपर्यंत पाहिली. "तो कॉलमच राहिला," तो म्हणाला.

*

तेव्हा सेकंडहँड गाडी शोधायची म्हणजे सुपरमार्केटच्या नोटीस बोर्डापुढे मान वर करून उभं राहायचं. चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. 'लेडी ड्रिव्हन.' 'सिंगल ओनर.' 'ओन्ली स्कूल अँड मार्केट.' सगळ्या कतारमधल्या गाड्या जणू बायकांनीच शाळेपर्यंत हळूहळू चालवलेल्या!

त्यातली एक चिठ्ठी वसंतरावांना आवडली. सात सीटची फोर-व्हील ड्राइव्ह, आणि खाली ठळक अक्षरांत, 'लीव्हिंग कंट्री, अर्जंट.' अर्जंट म्हणजे भाव पाडता येणार, म्हणून दोघं नवरे लगेच निघाले आणि आम्हीही मागे बसलो.

मालक केरळचे एक काका. गाडी आरशासारखी चकचकीत. त्यांनी आम्हाला चहा दिला, केळ्याचे वेफर्स दिले, गाडीचं एकेक बिल दाखवलं. सगळं जुळत आलं. वसंतरावांनी सहज विचारलं, "तो अंकल, आप कब जा रहे हैं?"

"नेक्स्ट इयर," काका म्हणाले. "इन्शाल्ला."

"पर चिठ्ठी पे तो अर्जंट लिखा है!"

"चिठ्ठी तो सिक्स इयर से है," आतून काकू म्हणाल्या. "हर साल नया पेपर लगाता है."

काका थोडे ओशाळले. गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले, "बेच दिया तो फिर सच में जाना पड़ेगा ना."

परतताना आम्ही खूप हसलो. वक्राचा सिग्नल येईपर्यंत हसलो. मग दिलीप म्हणाला, "आपण किती वर्षांसाठी आलो होतो गं?" मी म्हटलं, "तीन." त्याला आठ होऊन गेली होती.

*

डिसेंबरात अण्णा-आई आले आणि गाडी निवडायचं खातं अण्णांनी आपल्याकडे घेतलं.

कोणी दिलं नव्हतं. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, टोपी आणि हातात एक फडकं, अशा थाटात ते सेकंडहँड गाड्यांच्या यार्डात आले आणि मुलाला म्हणाले, "तू मागे हो." चौतीस वर्षं गाडी हाकलेल्या या माणसाला कतारचं लायसन नसल्यामुळे स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. ती सगळी कसर त्यांनी तपासणीत काढली.

आमच्याबरोबर हमीदभाई मुकादमही होते. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे. वीस वर्षं इंडस्ट्रियल एरियात स्पेअर पार्ट्सच्या दुकानात, राहायला दोह्यातल्या नजमा भागात तिघांत एक खोली. जुम्म्याची नमाज आटोपली की आमच्याकडे जेवायला. गाड्यांतलं त्यांना खरंच कळायचं, पण आमचे नवरे इंजिनिअर असल्यामुळे आम्ही त्यांना विचारत नसू.

यार्डवाल्याने एक पांढरीशुभ्र फोर-व्हील दाखवली. सनरूफ उघडून दाखवलं, सीडी वाजवून दाखवली, सीटवरचं प्लास्टिक दाखवलं. अण्णा एव्हाना गाडीखाली होते. फक्त चपला दिसत होत्या. थोड्या वेळाने ते बाहेर आले, एक बोट समोर धरलं आणि शांतपणे ते जिभेला लावलं.

"आजोबा, व्हाय आर यू लिकिंग द कार?" रिया किंचाळली.

"खारट आहे," अण्णा म्हणाले. "ही गाडी समुद्रात जाऊन आलीय."

हमीदभाईंनी लगेच गालिचा उचलला. खाली ओली वाळू आणि एक शिंपला. "मी पयलाच बोललो असतो," ते म्हणाले, "पण माना कोण इचारतोय?"

यार्डवाला अण्णांकडे आदराने बघत राहिला. "हाजी साब, आप कौन सी कंपनी में हैं?"

"एसटी," अण्णा म्हणाले.

यार्डवाल्याने वसंतरावांना बाजूला घेऊन विचारलं, "उधर व्हेकन्सी है क्या?"

*

जानेवारी संपत आला. नऊ गाड्या झाल्या. अण्णांनी नऊच्या नऊ नापास केल्या. वसंतराव कॅलेंडर बघून उसासे टाकायला लागले. आई मात्र प्रत्येक वेळी नीट साडी नेसून, डब्यात लाडू घेऊन गाडी बघायला यायच्या आणि म्हणायच्या, "मला मेलीला काय कळतंय? मला सगळ्याच छान वाटतात."

दहावी गाडी ऑफिसातल्या एका हैदराबादी मित्राची. हिरवी, ऑटोमॅटिक, देखणी. त्याने विश्वासाने तासाभरासाठी चावी दिली. खालून, वरून, चवीला, सगळीकडून गाडी पास झाली. वसंतरावांचा चेहरा खुलला. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "आता घाटात नेऊन बघू."

"अण्णा, इथे घाट नाही."

"घाट नाही म्हणजे?"

"म्हणजे देशच सपाट आहे."

अण्णांचा विश्वास बसला नाही. मागे घर लटकवायचं तर गाडी भर चढावर थांबवून पुन्हा उचलली पाहिजे. ती मागे सरकली तर उपयोग नाही. कसारा ज्याने भरल्या गाडीने रोज पार केला त्याला हे कोण शिकवणार? आणि खरं सांगायचं तर दिलीपलाही ते पटलं. वसंतरावांनाही पटलं. सगळ्यांची मनं सह्याद्रीत वाढलेली! मग चढाचा शोध सुरू झाला. आमच्या अल वक्रातला सगळ्यात मोठा चढ म्हणजे स्पीडब्रेकर.

शेवटी मीच म्हटलं, "मॉलचं बेसमेंट पार्किंग!"

आणि आम्ही गेलो. कॅरव्हॅनचं वजन म्हणून आम्ही सातजण आणि पिण्याच्या पाण्याचे सहा कॅन. खाली जायचं, वळायचं, चढाच्या मध्यावर थांबायचं, हँडब्रेक ओढायचा, अण्णा दहा आकडे मोजणार, मग गाडी उचलायची. पुन्हा खाली. चौथ्या फेरीला आईंनी हळूच विचारलं, "सूनबाई, उतरायचं नाही का? बाजार करायचाय ना?"

पाचव्या फेरीला नेपाळी सिक्युरिटी गार्डने हात केला. "सर, पार्किंग नहीं मिल रहा है?"

"पार्किंग नहीं चाहिए," वसंतराव काच खाली करून म्हणाले. "चढाई चाहिए."

गार्डने आत वाकून आम्हा सगळ्यांना नीट बघून घेतलं. मग त्याच्या चेहऱ्यावर एकदम ओळखीचं हसू आलं. "घर याद आता है, सर?" तो म्हणाला आणि बॅरिअरचा दांडा वर करून आमच्यासाठी तो तसाच धरून ठेवला.

आठव्या फेरीला गिअरबॉक्समधून जळका वास आला. अण्णा म्हणाले, "नापास. ही कसाऱ्याला पॅसेंजर उतरवून ढकलायला लावेल."

"अण्णा, पण इथे कसारा नाही!" वसंतराव जवळजवळ रडकुंडीला आले.

अण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आज नाही," ते म्हणाले.

*

फेब्रुवारीचा दुसरा शुक्रवार. हमीदभाई जेवताना म्हणाले, "एक गाडी हाय. पण तुमाला आवडायची नाय."

गाडी आमच्याच वक्रात, जुन्या बंदराजवळ निघाली. एका म्हाताऱ्या कतारी मच्छीमाराची. रंग कधीकाळी बिस्किटासारखा असावा. गिअर हाताने टाकायचे. मागे ओढायचा हुक झिजून चकचकीत झालेला, कारण म्हाताऱ्याने पंधरा वर्षं त्याला होडी लावली होती. फक्त काठापर्यंत न्यायची, पाण्यात गाडी घालायची नाही, हा त्याचा नियम. आता गुडघे गेले, होडी विकली, तर गाडी कशाला? सुनंदाने ती गाडी पाहिली आणि माझा दंड घट्ट धरला. "यातून मी पार्टीला जाऊ?"

म्हातारा आणि अण्णा समोरासमोर आले. एकाला मराठी, दुसऱ्याला अरबी. दोघांनी बॉनेट उघडलं आणि दोघंही आत वाकले. इंजिन सुरू झालं. अण्णांनी पाणी मागितलं. म्हाताऱ्याने घाईघाईने पेला आणवला, पाहुणा तहानलेला दिसतोय म्हणून! अण्णांनी तो पेला इंजिनावर ठेवला आणि पाण्याकडे बघत बसले. पाणी हललं, पण सांडलं नाही. म्हाताऱ्याला इतका आनंद झाला की त्याने आपला कॉफीचा कपही शेजारी ठेवला आणि अण्णांच्या पाठीवर थाप मारली.

मग दोघं अर्धा तास बोलत होते. अण्णा मराठीत, तो अरबीत. हमीदभाई दुभाषे म्हणून पुढे झाले, तर दोघांनीही त्यांना हाताने गप्प केलं.

"घ्या," अण्णा म्हणाले.

"पण अण्णा, हिची रीसेल..." दिलीपने तोंड उघडलं. त्याच्या शीटमध्ये ही गाडी सतरांत सुद्धा नव्हती.

"तुम्हाला गाडी वापरायचीय की विकायचीय?" अण्णांनी विचारलं.

दिलीपने शीटची घडी करून खिशात घातली. गाडी घेतली.

*

कॅरव्हॅन गाडीला जोडण्यापूर्वी तिच्या नाकाचं वजन करायचं असतं. हे कॉलिनने सोडलेल्या पुस्तकात लिहिलं होतं. नाक म्हणजे पुढचा दांडा, जो गाडीच्या हुकावर बसतो. तो फार हलका असेल तर रस्त्यावर कॅरव्हॅन शेपटी हलवायला लागते. वजन करायला घरातला साधा काटा चालतो.

काटा माझ्याकडे होता. बाथरूममध्ये, टॉवेलखाली.

काटा लावला तर नाकाला वजनच नाही! म्हणून कॅरव्हॅनची कपाटं उघडली. पुस्तक म्हणत होतं की जड सामान चाकांवर मध्यभागी ठेवा. सुनंदाने चार दिवसांच्या मुक्कामासाठी वीस किलो तांदूळ, दोन कुकर, मिक्सर, खलबत्ता आणि इडलीपात्र, सगळं अगदी मागच्या कपाटात रचलं होतं. "स्वयंपाकघर मागेच असतं," ती म्हणाली. तिच्या नाशिकच्या घरात असेलही.

सामान पुढे आणलं. आता काटा पुस्तकात लिहिल्यापेक्षा जास्त दाखवायला लागला. दिलीप म्हणाला, "हा काटाच चुकीचा आहे. मी घरी नेहमी सांगतो, सहा-सात किलो जास्त दाखवतो." पडताळा म्हणून तो स्वतः काट्यावर उभा राहिला आणि आकड्यावर पटकन पाय सरकवला.

अण्णांनी वाकून त्याचा पाय बाजूला केला. आकडा वाचला. मग दिलीपकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, भाड्याला घेतलेल्या गाडीकडे पाहावं तसं.

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले.

*

व्हिसा संपायला सहा दिवस असताना आम्ही निघालो. उत्तरेला, मदिनत अश शमालच्या पलीकडे, समुद्रकाठी. पुढे भालेरावांची गाडी, तिच्यामागे घर, त्यामागे आमच्या गाडीत दिलीप, मी आणि हमीदभाई.

तेव्हा दोह्यात जिकडे तिकडे राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक. एकट्या गाडीलाही आत शिरायला धाडस लागायचं, इथे तर घर घेऊन शिरायचं होतं. वसंतराव आत शिरले, पण बाहेर पडायला कोणी जागा देईना. एक फेरी झाली, दुसरी झाली, आम्ही इमानाने मागे. तिसऱ्या फेरीला कडेला उभा असलेला तरुण पोलीस हसायला लागला. त्याने मधे येऊन सगळी वाहतूक थांबवली आणि ओरडला, "यल्ला, चलो बाबा! घर कोन सा गली में है?"

गाडीत अण्णा मागच्या सीटवर होते. त्यांनी स्वतःच तशी व्यवस्था केली होती: पुढे वसंता आणि सून, मागे आपण, ही आणि नात. लायसन नसलेल्या माणसाने पुढे बसू नये, सारखी सूचना द्यावीशी वाटते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी शब्द पाळला. शंभरेक किलोमीटर ते एक अक्षर बोलले नाहीत. फक्त वसंतरावांनी ब्रेक उशिरा मारला की मागून धप्प असा आवाज यायचा. सुनंदाने नंतर दाखवलं, त्यांच्या उजव्या पायाखालचं रबरी मॅट पुढे सरकून गोळा झालं होतं.

*

आता शेवटचं. हे सांगताना दिलीप आत गेलेला असला तरी दारापर्यंत येऊन उभा राहतो.

समुद्राला लागून वाळू घट्ट होती. तिथे कॅरव्हॅन लावली, शेजारी बाकीच्यांसाठी तंबू ठोकला, गाडी सोडवून पुढे पाण्याकडे तोंड करून उभी केली. हमीदभाईंनी मासे भाजले, आईंसाठी वेगळ्या तव्यावर थालीपीठ. वसंतराव दर दहा मिनिटांनी अण्णांकडे बघत होते. अण्णा काहीच बोलत नव्हते. छान आहे म्हणत नव्हते, वाईट आहे म्हणत नव्हते. टायर दाबून बघत होते. "वहिनी, त्यांना आवडलंच नाही बहुतेक," वसंतराव मला म्हणाले. एवढा पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण आवाज शाळकरी मुलाचा झाला होता.

संध्याकाळी आम्ही बायका पाण्यात पाय सोडून बसलो. सुनंदाने विचारलं, "आई, तुम्ही अण्णांच्या गाडीत कधीच बसला नाहीत?"

"बसले की. एकदा," आई म्हणाल्या. "माहेरून येत होते, नेमकी यांचीच गाडी लागली. मी पाचव्या बाकावर. तिकीट काढलं. यांनी एकदा सुद्धा मागे वळून बघितलं नाही. रात्री हे घरी आल्यावर विचारलं तर म्हणे, ड्यूटीवर होतो." त्या हसल्या. "केबिनमध्ये बसायला जागा होती हो. पण तिथे घरच्या माणसाला बसवत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला लवकर जाग आली. सूर्य नुकता वर आला होता. वसंतराव तंबूत घोरत होते, गाडीची चावी त्यांच्या पँटच्या खिशात. कॅरव्हॅनचं दार उघडं, आत सुनंदा आणि रिया झोपलेल्या. अण्णा आणि आईंच्या पलंगावर घड्या घालून ठेवलेली पांघरुणं. मी चहा केला आणि दोन कप घेऊन त्यांना शोधायला निघाले.

ते गाडीत होते. पुढे.

अण्णा स्टिअरिंगवर, इकडच्या पद्धतीने डाव्या बाजूला. टोपी सरळ, सदऱ्याची वरची गुंडी लावलेली. शेजारी आई. नवी हिरवी नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. समोर काचेतून नुसतं पाणी. अण्णांनी आरशात पाहिलं. त्यांचा डावा हात सवयीने गिअर शोधत दारापाशी गेला, तिथे काही नव्हतं, मग लक्षात येऊन उजवा हात पुढे आला. दोघंही समोर बघत होते.

मी आईंच्या खिडकीशी गेले. काच खाली होती.

"अण्णा," मी म्हटलं, "चहा..."

आईंनी मान वळवली नाही. फक्त ओठांवर बोट ठेवलं.

"श्श!" त्या म्हणाल्या. "गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये."

अण्णांनी गिअर बदलला.